विमानाला खोचलेली उदबत्ती

खंडेनवमीला आमच्याकडं उदबत्ती खोचायला जागा शोधावी लागत नाही. ट्रॅक्टरच्या जाळीत, मोटारसायकलच्या हँडलपाशी, पिठाच्या गिरणीच्या कुठल्यातरी फटीत ती बरोबर बसते. माझी थोरली बहीण, म्हणजे आमची आक्का, या कामात पटाईत. यंत्र कसलंही असो, ती आधी त्याच्याभोवती फिरते, भोक हेरते आणि उदबत्ती उभी करते. पाटणला तिच्या घरी मिक्सरचीसुद्धा यातून सुटका नाही.

माझी मुलगी आज प्रवासी विमानावर को-पायलट आहे. उड्डाणाआधी विमानाभोवती चक्कर मारून सगळं तपासायचं, हे पायलट लोकांचं काम. तेव्हा आतली मंडळी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली असतात. मला कधी तिच्या विमानात बसायचा योग आला, तर मी मान वाकडी करून खिडकीतून तेवढंच बघतो. शेजारचा विचारतो, काही बिघडलंय का? आता त्याला काय काय सांगायचं.

ती शिकत होती तेव्हाची गोष्ट. फौजेतून निवृत्त होऊन मी पलूसजवळ ऊस करत होतो. घरापासून मोटारसायकलवर जाता येईल अशा एका धावपट्टीवर ती छोटं विमान चालवायला शिकत होती. पहिल्यांदा शिक्षकाशिवाय, एकटीनं उडायचं, हा या शिक्षणातला मोठा टप्पा. पावसामुळं तो सारखा पुढं जात होता. त्यात तिचे सर कडक. चुकलीस तर परत पहिल्यापासून शिकायचं, असं त्यांनी बजावलेलं. शेवटी खंडेनवमीला आभाळ मोकळं झालं आणि सर म्हणाले, आज जा.

मी आणि बायको बघायला गेलो. तिथली पूजा सकाळीच उरकली होती, विमानांवरचे झेंडूचे हार काढून झाले होते. पोरगी तपासणीला लागली. पंख, चाकं, तेल, सगळं हात लावून बघायचं. पंखाखाली एक बारीक नळी असते. तिच्यात समोरून वारा शिरतो आणि त्यावरून विमानाचा वेग कळतो. नळीची टोपी काढून, आत डोकावून ती पुढं सरकली. उभी नोकरी फौजेच्या गाड्या तपासण्यात घालवलेली असल्यामुळं मला ते बघायला फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात पाटणहून आक्का आली. एसटी चुकली म्हणून उशीर, डोक्यावर पदर, हातात पूजेचं ताट. सरांनी तिला एवढंच सांगितलं की इथं पेट्रोल आहे, काडी ओढायची नाही. आक्कानं ते तंतोतंत पाळलं. चाकाला हळदकुंकू वाहिलं आणि उदबत्ती न पेटवताच खोचली. कुठं, ते मी सांगायला नको. सैल बसतेय म्हणून तिला वातीचा कापूस गुंडाळून घट्टही केली. मग भाचीला जवळ घेऊन गावाकडच्या चार गोष्टी सुरू केल्या.

पोरगी तपासणी सोडून ऐकत उभी राहिली. सरांची हाक आली, वारा चांगला आहे, चल. तिनं घाईनं उदबत्ती ओढून काढली, राहिलेली निम्मी तपासणी उरकली आणि आत जाऊन बसली. काडी आली, कापूस आतच राहिला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

विमान धावायला लागलं. आक्कानं हात जोडले, बायकोनं माझा दंड धरला. आणि मध्येच आवाज एकदम उतरला. विमान हळू झालं, पार टोकाला जाऊन वळलं आणि रांगत परत आलं.

आक्का म्हणाली, "घाबरली व्हय रं?"

मलाही तेच वाटलं होतं, पण मी तिला गप राहा म्हणालो.

पोरगी घाबरली नव्हती. विमान पळत होतं आणि वेगाचा काटा शून्यावर होता. काटा हलला नाही तर जमिनीवरच थांबायचं, हे तिला पाठ होतं. तशीच वर गेली असती तर आपण किती वेगानं चाललोय हे तिला कळलंच नसतं, तेही एकटी असताना. सरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा मी कुंपणाचा खांब धरून उभा राहिलो.

मेकॅनिकनं नळीतून कापसाचा बोळा काढला. आक्का आपणहून पुढं झाली आणि म्हणाली, हे मी केलं. सरांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी पोरीला विचारलं, पूजेनंतर परत पहिल्यापासून तपासलंस का? ती नाही म्हणाली. का नाही?

"आत्या बोलत होत्या सर. त्यांना मध्येच बाजूला व्हा कसं म्हणायचं?"

तिचंही बरोबर होतं. अख्ख्या तुकडीवर ओरडलेला मी, पण आक्काला बाजूला हो म्हणायची माझीही टाप नव्हती.

सर म्हणाले, "काटा बघून थांबलीस, म्हणून दुपारी परत सोडतो. पण विमानाभोवती फिरताना तू कुणाची भाची नसतेस."

दुपारी तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. आक्का सकाळपासून जेवली नव्हती. पोरीच्या कपाळाला कुंकू लावायचं राहिलं, हे तिला आता आठवलं आणि ती ताट घेऊन निघाली. पोरगी नळीपाशी होती. मान न वळवता म्हणाली, "आत्या, मागं व्हा."

"आगं, कुकू तेवढं..."

"मागं व्हा. विमानाला हात लावू नका."

आक्का रुसली की वर्षभर बोलत नाही. समजूत घालायला मी एक पाऊल पुढं टाकलं, तर तिनंच माझा सदरा धरून ओढलं आणि म्हणाली, "तू बी मागं हो." आणि मला घेऊन ती पार कुंपणापर्यंत सरकली.

विमान उसावरून वर गेलं, एक मोठा वळसा घेऊन आलं आणि एक उडी मारून टेकलं. बायको रडली, मी रडलो, सर हसत होते. पोरगी उतरली ती आधी आत्याला शोधू लागली. चेहऱ्यावर धाकधूक स्पष्ट दिसत होती. आक्का जागची हलली नव्हती. पोरगी पाया पडायला वाकली, पण आक्कानं तिला वाकू दिलं नाही. दोन्ही खांदे धरून विचारलं,

"काटा हलला न्हवं?"

"हलला, आत्या."

मग आक्का तिथंच गवतात बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली.