चौदा नंबरची तक्रार

३० डिसेंबर १९८८, शुक्रवार. रक्कम नऊ हजार रुपये, कॉम्प्युटरच्या प्रोग्रामचा शेवटचा हप्ता. हजर चौघे: पांढुर्ण्याच्या आमच्या जिनिंग कारखान्याचे मॅनेजर, नागपूरहून आलेला प्रोग्रामवाला, मी आणि कापसाच्या गंज्यांचा, म्हणजे ढिगांचा, जमादार. जमादाराला कोणी बोलावलं नव्हतं. तो दारात चपला काढून उभा होता.

मी तिथे हिशेबनीस होतो, सौसरहून रोज बसने यायचो. कॉम्प्युटर माझ्या खोलीत ठेवला, म्हणून प्रोग्रामच्या चुका नोंदवायचं कामही माझ्याकडे आलं. काळ्या पडद्यावर एक हिरवी रेघ लुकलुकायची. तिच्यापुढे कमांड टाइप करून चूक लिहिली की तिला नंबर मिळायचा. ‘लिस्ट’ टाइप केलं की उघड्या तक्रारी एकाखाली एक यायच्या. प्रोग्रामवाला अधूनमधून येऊन दुरुस्ती करायचा आणि ‘क्लोज’पुढे नंबर टाकायचा, की ती ओळ यादीतून जायची. उघडी तक्रार शिल्लक असेपर्यंत शेवटचा हप्ता द्यायचा नाही, असा करार होता. पण तक्रार बंद करायची ती त्यानेच, आणि पैसे घ्यायचे तेही त्यानेच.

चौदा नंबरची तक्रार गंज्यांची होती. गाडीतला कापूस ओला असला की वजनकाट्यावर तशी खूण करायची. मग प्रोग्राम ती गंजी ओली दाखवायचा आणि तिचा कापूस मशीनवर आधी जायचा. ओला कापूस दबून राहिला तर आतून तापतो आणि पेटतो. पण त्याच गंजीवर पुढची गाडी कोरडी पडली, की प्रोग्राम आधीची खूण पुसून टाकायचा. मी ही चूक नोंदवली. त्याने दुरुस्ती न करताच बंद केली. मी पुन्हा उघडली, त्याने पुन्हा बंद केली, मी पुन्हा उघडली.

डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला. सात नंबरच्या गंजीत खाली भिजलेल्या गाड्या गेल्या, वर कोरड्या. पडद्यावर ती कोरडी होती आणि तिची पाळी सगळ्यात शेवटी होती.

“साहेब, सात नंबर तापून राहिली,” त्या शुक्रवारी जमादार दारातूनच म्हणाला. “आत सळई खुपसली होती. काढल्यावर हात नाही लावता येत तिले.”

“उन्हात पडली असंन सळई,” मॅनेजर साहेब म्हणाले.

“थंडीतलं ऊन, साहेब? एवढं तापते तं मी आंघोळीच्या पाण्याले लाकडं कायले फोडतो?”

प्रोग्रामवाला हसला. मला म्हणाला, “काकाजी, तुमची ही चौदा नंबर म्हणजे सासूबाई झाली. गाडीत बसवून द्या, आठ दिवसांत परत दारात.”

“दुरुस्त केली असती तर आली नसती.”

“अजी, चूक कुठं आहे? ओल्या गंजीवर कोरडा माल टाकताच कायले? दुसरी गंजी लावा.”

“जागा दाखव बाबू,” जमादार म्हणाला. “तुह्या नागपुरात लावू का?”

मी साहेबांना म्हटलं, “चौदा उघडी राहू द्या. हजार रुपये अडकवून ठेवा, बाकीचे द्या.”

“करारात तसं नाही,” ते म्हणाले. हे खरं होतं. “काम पूर्ण झालं, असं मले वर आजच कळवायचं आहे. गंजी सोमवारी फोडू. उद्या मी जामसांवलीले मारुतीच्या दर्शनाले जाऊन राहिलो.”

प्रोग्रामवाल्याने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. क्लोज, चौदा. मग लिस्ट. पडद्यावर एकही ओळ आली नाही. साहेबांनी बिलावर सही केली.

“मिटलं का, बाबूजी?” जमादाराने बाहेर मला विचारलं.

“पडद्यावर मिटलं.”

शनिवारी मी दोनदा गंजीपाशी गेलो. वास येत होता, ओली गोधडी जळावी तसा. मजूर लावायला साहेबांचा हुकूम लागे आणि साहेब नव्हते.

रविवारी जिनिंग बंद होती. जमादार सावरगावला राहायचा. जाम नदी ओलांडून तो आपणहून आला आणि वरचा कापूस काढून टाकावा म्हणून गंजीवर चढला. धूर नव्हता, जाळ नव्हता. आत मात्र कापूस जळून पोकळी झाली होती. चौथ्या-पाचव्या पावलाला तो कमरेपर्यंत आत गेला. चौकीदाराने त्याला दोर टाकून ओढलं. तो बाहेर आल्यावर त्या भोकातून जाळ निघाला.

दोन्ही पाय मांड्यांपर्यंत भाजले होते. नागपूरच्या दवाखान्यात त्याने सव्वादोन महिने काढले. परत कामावर आला नाही.

प्रोग्रामवाल्याला नऊ हजार रुपये शुक्रवारीच पूर्ण मिळाले होते. जमादार सुट्टीच्या दिवशी, हुकमाशिवाय गंजीवर चढला, म्हणून त्याला भरपाई बसली नाही. मदत म्हणून साडेसातशे रुपये मंजूर झाले. ते मी सावरगावला नेऊन त्याच्या बायकोच्या हातात दिले.