बारीक मुठीचे पिस्तूल

ही केस मी विसरलेलो नाही, आणि कुणी विसरायला सांगितले तरी विसरणार नाही. घटना कुवेतमधली. मी तेव्हा खाकीत नव्हतो आणि तपासाचा कायदेशीर अधिकारही मला नव्हता. तरी माझ्या केसेस सांगायला बसलो की मी हीच आधी सांगतो.

पोलीस निरीक्षक असताना स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कुवेतला गेलो. शहराबाहेर, वाळवंटाच्या कडेला एक खासगी नेमबाजी क्लब होता. तिथे सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो. आखाती युद्ध संपून फार वर्षे झाली नव्हती. पिस्तूल हा शब्द ऐकला तरी तिथल्या सरकारी माणसाच्या कपाळावर आठी पडायची. त्यामुळे क्लबला शिस्त पाळावीच लागे. ठाण्यात चार्ज घेताना हत्यारे मोजून घ्यायची सवय मला होतीच, तीच मी तिथे लावली. पिस्तुले पोलादी कपाटात, मुठीत सरकवायची, गोळ्या भरायची मॅगझिन वेगळ्या खणांत आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत.

शुक्रवार सुटीचा दिवस. त्या दिवशी शौकीन मंडळी जमत. त्यांत आपली दोन माणसे होती. एक मीना अल-अहमदीच्या रिफायनरीतले पुण्याचे इंजिनिअर. दुसऱ्या सरकारी इस्पितळातल्या नाशिकच्या सिस्टर, कॉलेजात असताना एनसीसीच्या संघातून नेमबाजी केलेल्या.

क्लबमध्ये जुन्या घडणीचे एक पिस्तूल होते. हल्लीच्या बऱ्याच पिस्तुलांच्या मॅगझिनमध्ये गोळ्या दोन रांगांत बसतात. गोळ्या जास्त मावतात, पण मूठ जाड होते. या पिस्तुलात गोळ्या एकावर एक, एकाच रांगेत. त्यामुळे मूठ चपटी, सडपातळ. सिस्टरांच्या हाताला जाड मुठी बसतच नसत. हे पिस्तूल धरले की त्यांचे बोट बरोबर घोड्यावर पोचे.

यावरून चहाच्या टेबलावर दर शुक्रवारी वाद ठरलेला.

"सिस्टर, ते सात गोळ्यांचं खेळणं सोडा आता," इंजिनिअर म्हणायचे. "आमच्यात पंधरा मावतात."

"मावतात हो. पण तुमच्या पंधरातल्या आठ भिंतीत जातात. बेरीज सारखीच झाली की!"

मी सिस्टरांच्या बाजूचा. नोकरीभर कमरेला बोजड रिव्हॉल्व्हर वागवलेल्या माणसाला त्या पिस्तुलाची किंमत चटकन कळते. हातात घेतले की ते हाताचाच भाग वाटे. नेम चुकला तर दोष हत्याराला देता येत नसे.

एकदा मी सुटीवर गावी गेलो. किल्ल्या मॅनेजरकडे दिल्या. हा मॅनेजर आपल्याच देशाचा, हॉटेलच्या धंद्यातून आलेला. गोड बोलणारा, पाहुण्यांची उठबस उत्तम करणारा. पण पिस्तुलांचा त्याला कधी लळा नव्हता. परत येऊन मिरकाबमधल्या माझ्या खोलीवर बॅग टेकवली, तोच फोन वाजला. सलवा भागातल्या घरून इंजिनिअर बोलत होते.

"साहेब, बरं झालं आलात. सिस्टरांचं ते पिस्तूल गायब आहे. मॅनेजर सगळ्यांना सांगत सुटलाय, सिस्टरांनीच पर्समध्ये घालून नेलं म्हणून."

"पोलिसांत दिलंय का?"

"नाही. तुमची वाट बघतोय. तुमच्याकडून लिहून घ्यायचंय त्याला."

मी तसाच क्लबवर गेलो. मॅनेजर वाटच पाहत होता. त्याचे म्हणणे तयार होते. ते पिस्तूल शेवटी वापरले सिस्टरांनी, ते परत आले नाही, आणि तिला ते किती आवडते हे सगळा क्लब जाणतो. "इतना पतला है, पर्स में आराम से जाता है," तो म्हणाला. "आप पुराने पुलिसवाले हो. उससे क़बूल करवाओ और रिपोर्ट लिख दो. आगे पुलिस देख लेगी."

ऐकायला सगळे सुसंगत होते. मला तिथेच खटकले. ठाण्यात इतक्या वर्षांत मी एक पाहिले आहे. ज्याचे खरोखर काही चोरीला गेले आहे, तो माणूस आधी गोंधळतो. याची कहाणी घडी घातलेल्या शर्टासारखी होती. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून मी सिस्टरांना बोलावून घेतले.

त्या ड्यूटी संपवून थेट आल्या, पांढऱ्या गणवेशातच. मी ठाण्याच्या पद्धतीने चौकशी केली. आधी सगळे सांगू दिले, मग मध्येच तोडले, मग शेवटाकडून पुन्हा विचारले. खोटे बोलणारा पुढून मागे नीट जातो, मागून पुढे येताना अडखळतो. सिस्टर एकदाही अडखळल्या नाहीत. नेमबाजी झाली, पिस्तूल रिकामे करून दाखवले आणि काउंटरवर मॅनेजरच्या हातात दिले. एवढेच.

"त्यांच्याच हातात? नक्की?"

"साहेब, ऑपरेशनमध्ये कात्री कुणाच्या हातात दिली ते मी विसरत नाही. हे विसरेन?"

"पिस्तूल तुम्हाला आवडायचं."

"आवडायचं नाही, आवडतं." त्यांचा आवाज चढला. "आवडतं म्हणून काय मी चोर झाले? मला इथून हाकलतील, तुरुंगात घालतील, हे कळतंय मला. तरी मी केलं असं लिहून देणार नाही. तुम्ही काय वाटेल ते करा."

त्या थोड्या शांत झाल्या आणि त्यांनी उलट मलाच विचारले, "गेलं काय काय आहे? नुसतं पिस्तूल, की मॅगझिनपण?"

हा प्रश्न मी स्वतः अजून तपासला नव्हता. उठलो, खण उघडले. डाव्या खणात एकेरी रांगेची बारीक मॅगझिन असत. त्या पिस्तुलाची दोन, आणि ती दोन्ही जागेवर होती. उजव्या खणात दुहेरी रांगेची जाड मॅगझिन. त्यांतले एक नव्हते.

मी खण तसाच उघडा ठेवून उभा राहिलो. ज्याने पिस्तूल नेले, त्याने सोबत जाड मॅगझिन नेले. ते त्या बारीक मुठीत बोटभरसुद्धा शिरणार नाही. दर शुक्रवारी ते पिस्तूल हाताळणारे माणूस झोपेतही ही चूक करणार नाही. ज्याला ते आवडते त्याने ते चोरले नव्हते. ज्याला त्यातले ओ की ठो कळत नव्हते त्याने नेले होते. किल्ल्या एकाकडेच होत्या.

मी मॅनेजरला सांगितले, सिस्टरांविरुद्ध रिपोर्ट लिहिणार नाही. गोड आवाज एकदम गेला.

"सोच लो. आपका इक़ामा क्लब के नाम पर है. एक फ़ोन करूँगा तो परसों की फ़्लाइट में बैठोगे."

इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना. तो गेला की माणूस गेला. भीती वाटली नाही असे म्हणणार नाही. पण पोलिसात असताना आमदारांच्या माणसांकडून बदलीच्या धमक्या खाल्ल्या होत्या, त्याही पचवल्या होत्या.

"इक़ामा आपके हाथ में है," मी म्हणालो. "दस्तख़त मेरे हाथ में है. वो नहीं मिलेगा."

दुसऱ्या दिवशी मी सरळ क्लबच्या मालकांकडे गेलो. वृद्ध कुवेती व्यापारी, आम्ही त्यांना हाजी म्हणायचो. तरुणपणी मुंबईत राहिलेले, त्यामुळे हिंदी झकास. मुख्य म्हणजे स्वतः पक्के शौकीन. ते पिस्तूलही त्यांनीच हौसेने क्लबला आणलेले. मी विनंती केली की मॅनेजर आणि सिस्टर, दोघांनाही समोर बोलवा. त्यांनी बोलावले.

मी खिशातून रुमाल काढून टेबलावर पसरला. त्यावर दोन रिकामी मॅगझिन ठेवली, एक बारीक, एक जाड. मग मॅनेजरला म्हणालो, "जो पिस्तौल गया, उसका मैगज़ीन इसमें से कौन सा?"

तो चिडला. "ये क्या बच्चों का खेल है?" आणि जाड मॅगझिनवर बोट ठेवले. "ये."

हाजींनी ते मॅगझिन उचलले, हातात फिरवले आणि मॅनेजरकडे पाहिले. सिस्टरांनी हलकेच मान हलवली. त्यांना काही विचारायची गरजच उरली नव्हती.

"हाजी," मी म्हणालो, "पिस्तुलासोबत असलंच एक मॅगझिन गेलंय. बारीक दोन्ही खणातच होती. मी भारतात होतो. सिस्टर असं मॅगझिन नेणार नाहीत. आता आपणच सांगा." हे मी हिंदीत सांगितले, पण हाजींचे तिकडे लक्ष नव्हते. ते मॅनेजरला एवढेच म्हणाले, "किसको दिया?"

तो खुर्चीत खचला. एका वजनदार पाहुण्याला ते पिस्तूल फार भावले होते. चार मित्रांना दाखवतो म्हणून त्याने मागितले, याने पेटीत घालून दिले. पाहुणा परदेशी निघून गेला आणि पेटी त्याच्या घरी राहिली. परत मागायची याची हिंमत नव्हती. मग कुणाच्या तरी माथी मारायला हवे होते. परक्या देशातली एकटी नर्स सोयीची वाटली.

हाजींनी फोन फिरवला. दुपारच्या नमाजानंतर पेटी आली. आत पिस्तूल आणि शेजारी ते निरुपयोगी जाड मॅगझिन.

सुटकेच्या आनंदात मॅनेजर हसला आणि सिस्टरांना म्हणाला, "चलो, मिल गया. माफी मुश्किल!" अरबीत याचा अर्थ, काही अडचण नाही. तिथे हे दिवसभर सगळ्यांच्या तोंडी.

सिस्टर उभ्या राहिल्या. "इधर 'माफी' का मतलब 'नहीं' होता है, मालूम है मुझे. हमारे यहाँ माफी का मतलब माफी होता है. वो माँगो. इस कमरे में नहीं. शुक्रवार को, सबके सामने, जैसे चोर सबके सामने बोला था."

"बेटी, बात ख़त्म करो," हाजी समजुतीने म्हणाले.

"हाजी, आपकी इज़्ज़त करती हूँ. लेकिन बात मैंने शुरू नहीं की."

हाजी मॅनेजरकडे वळले. मग म्हणाले, "शुक्रवार को."

आणि शुक्रवारी त्याने सगळ्यांसमोर माफी मागितली. इंजिनिअर पहिल्या रांगेत हात बांधून उभे होते. सिस्टरांनी ती ऐकली, मान डोलावली आणि मॅनेजरशी एक शब्दही न बोलता नेमबाजीच्या जागेकडे गेल्या.

पुढे मॅनेजर गेला. पाहुणा वजनदार असल्याने त्याला कुणी काही विचारले नाही, आणि वर्ष संपताना माझे कंत्राटही वाढवले गेले नाही. कारण कुणी सांगितले नाही, मीही विचारले नाही. लोक मला म्हणतात, चांगली नोकरी एका सहीपायी घालवलीत. मी त्यांना सांगतो, तीच वेळ पुन्हा आली तर तेच करीन, आणि या वेळी एक दिवस आधी करीन.

तपास शिकायला येणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांना मी एवढेच सांगतो. वरून कुणीतरी आरोपी तयार करून तुमच्या टेबलावर आणून ठेवेल. तो गरीब असेल, एकटा असेल, किंवा परका असेल. सगळे त्याच्याकडे बोट दाखवतील. त्या वेळी आधी बोट दाखवणाऱ्याचा जबाब घ्या. कुणी नको म्हणाले तर त्याचाही घ्या.