मामाचा पाऊण टन

आमच्या मामाला उभ्या आयुष्यात कोणाला ‘नाही’ म्हणता आलं नाही, आणि त्याचा मला अजूनही राग येतो. दुकानमालकांच्या जावईबापूंचा तर येतोच येतो.

मामा सव्वीस वर्षं एका दुकानातर्फे धक्क्यावरच्या राहत्या होड्यांमध्ये एसी बसवत होता. त्याच दुकानात मी गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, त्यामुळे त्याची पद्धत मला तोंडपाठ. भर दुपारी होडीत उतरायचं, खिडक्या-झाकणं लावून घ्यायची आणि तासभर बाकावर चक्क आडवं व्हायचं. ऊन कुठून येतं, घाम कधी फुटतो, तळाच्या फळ्या किती गार लागतात, हे अंगाने कळल्याशिवाय तो टनांचा आकडा सांगायचा नाही. “मामा, माप घेताय की डुलकी?” म्हणून लोक हसायचे. त्याने मापलेल्या एकाही होडीची तक्रार आली नाही, हे मात्र कोणी बोलायचं नाही.

मग मालकांनी दुकान जावयाच्या हाती दिलं. या गृहस्थाने आल्या आल्या एक तक्ता छापून घेतला. होडी इतके फूट, तर एसी इतक्या टनाचा. धक्क्यावर सगळंच फुटांवर चालतं, होडी लावायचं भाडं फुटांवर, रंगकाम फुटांवर, मग एसी का नाही? अहो, शिडाची होडी पुढे चिंचोळी, मागे उघडी आणि अर्धी पाण्यात बसलेली! आत राहायची जागा आमच्या स्वयंपाकघराएवढी. पण सांगणार कोणाला?

अशाच एका तीस फुटी होडीत एक निवृत्त मुख्याध्यापिका नवऱ्यासोबत राहायच्या. काकांना दमा. हवा कोरडी ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मामा तिथे तासभर आडवा झाला आणि दुकानात येऊन म्हणाला, “पाऊण टन. त्याच्यावर रतीभर नको.”

जावईबापूंनी तक्त्यावर बोट ठेवलं. “दीड टन. मोठा घेतला की लवकर गार होईल.”

“लवकर गार होतं म्हणून लवकर बंद होतं, साहेब. मशीन चालत राहिलं तरच हवेतलं पाणी ओढून घेतं.”

“तुम्ही बसवायचं बघा. ठरवायचं आम्ही बघतो.”

आणि मामाने बसवला! स्वतःच्या हाताने, एक स्क्रूसुद्धा वाकडा न जाऊ देता. त्या दिवशी मी त्याच्याशी अवाक्षर बोलले नाही.

तीन आठवड्यांनी बाईंचा फोन आला. आत थंडी वाजते, पण गाद्यांना बुरशी आलीय, भिंतींना पाणी सुटलंय. काका उशांना टेकून बसूनच रात्र काढतात, आडवं झालं की श्वास कोंडतो. “तुमच्या मामांवर विश्वास टाकला होता हो,” एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी जावईबापूंना सांगितलं. “खिडक्या उघड्या ठेवा म्हणावं,” ते म्हणाले आणि बाहेरगावी निघून गेले. खिडक्या उघडून एसी! धन्य!

मामा सगळं ऐकत होता. जावईबापूंची गाडी वळली तसा तो उठला, दुकानात मांडून ठेवलेला पाऊण टनी एसीचा नमुना त्याने फळीवरून उतरवला आणि हातगाडीवर घालून धक्क्याकडे निघाला. कोणाला विचारलं नाही. मी दार उघडून धरलं.

पाचव्या दिवशी जावईबापू परतले. रिकामी फळी पाहून दुपारच्या उन्हात तणतणत धक्क्यावर गेले, त्यांच्यामागे मी. होडीतून मशीनची बारीक घरघर अखंड येत होती. मामा वर पायरीवर बसला होता.

“ही चोरी आहे चोरी!” जावईबापू ओरडले. “आजपासून दुकानात पाऊल टाकायचं नाही!”

मामा उभा राहिला. हात जोडेल की काय, या भीतीने मी दात आवळले.

“नाही टाकत,” मामा म्हणाला. “पण आधी आवाज खाली करा. काका आडवे झोपलेत.”