तेरा वॉटचा चटका

कंपनीत सगळे त्यांना अंदाजपंचे म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत होतं. सत्तावीस वर्षं ट्रान्सफॉर्मर आखायचे म्हणजे सत्तावीस वर्षं अंदाजच बांधायचा! वीज सेकंदाला लाख वेळा उलटसुलट पळायला लागली की त्यातली किती नुसती गरम होऊन वाया जाणार, याचा.

यावेळी अंदाज होता सहा वॉटचा. टेस्टिंगच्या टेबलावर निघाले तेरा. बोट लावलं तर चटकाच बसला.

"हात कुणाचा?" मॅनेजरने विचारलं.

हात वाइंडिंगवाल्या काकूंचा. तारा गुंडाळून गुंडाळून बोटं वाकडी झालेली, पण वेढा अजून सरळ पडायचा.

"वय झालं त्यांचं. पुढच्या महिन्यापासून नकोत. तुम्ही फक्त रिपोर्टवर 'वाइंडिंग सदोष' लिहा, विषय संपला."

त्यांनी रिपोर्ट पुढ्यात ओढला. इतके दमले होते ना, की सही ठोकावी आणि घरी जाऊन आडवं व्हावं, बस्स. तरी सवयीने त्यांनी नमुना फोडला.

तांबं सगळीकडे छान लालसर. फक्त एक पट्टा करपलेला, बरोब्बर गाभ्यातल्या फटीसमोर. ती फट त्यांनीच ठेवलेली. तिथून चुंबकत्व बाहेर फुगतं आणि जवळच्या तारेला भाजून काढतं. गणितात हे त्यांनी धरलंच नव्हतं. काकूंनी विचारलंसुद्धा होतं, "साहेब, इथे जरा जागा सोडू का?" आणि हे म्हणाले होते, "चित्रात आहे तसं करा."

म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी!

रिपोर्टवर त्यांनी 'डिझाइन चुकलं' लिहिलं, खाली स्वतःचं नाव.

मॅनेजर वैतागला. "अहो, दोनच वर्षं राहिलीत तुमची. कशाला ओढवून घेता?"

"दोन पण लांब वाटतात हो," ते म्हणाले.

दुपारभर काकूंनी नवं वाइंडिंग केलं. फटीपासून तीन मिलिमीटर लांब, आणि जाड तारेऐवजी केसासारख्या बारीक तारांचा पीळ. मीटरवर आठ आले. "चालेल," म्हणून मॅनेजर निघून गेला.

"सहा म्हणाला होतात," काकू म्हणाल्या.

"हो."

"मग वरचे दोन कुठनं आले?"

"माहीत नाही."

"अगबाई! साहेबांना माहीत नाही!" काकू हसल्या, मग हळूच म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात येऊ ना मी?"

त्यांनी चमकून पाहिलं. म्हणजे काकूंच्या कानावर गेलं होतं सगळं, आणि तरी दुपारभर मान खाली घालून वेढे घालत बसल्या.

"या की," ते म्हणाले. "नाहीतर वेढे काय मी घालू?"

चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले, बराच वेळ.