पट्टीले हात लाव

माणसाच्या अंगात वीज असते आणि ती घरदार उडवायला टपलेली असते, यावर आमच्या मोठ्या भाऊजींची जेवढी श्रद्धा आहे, तेवढी कोणाची देवावरही नसेल. जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यात त्यांची हयात गेली. तिथे आत शिरताना तांब्याच्या पट्टीला हात लावून अंगातली वीज जमिनीत सोडावी लागे. निवृत्त झाल्यावर लोक दारात बाग करतात. भाऊजींनी पट्टी ठोकली. दूधवाला असो की जावई, "पट्टीले हात लाव पयले" हे ऐकल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडला नाही. भाचीला बघायला आलेल्या पाहुण्यांतल्या एका बाईंनी तर घरचा कुळाचार समजून पट्टीला हळदकुंकू वाहिलं. भाऊजींनी ते त्यांच्यासमोरच चिंधीने पुसलं. "कुंकवातून वीज उतरत नाही जी," म्हणाले. सोयरीक तरीही जमली, हे ताईचं नशीब. ताई त्या पट्टीला सवत म्हणते. भाऊजी नारळसुद्धा दोन्ही हातांनी छातीशी धरून आणतात. "कारखान्यात माह्या हातून कधी काही पडलं नाही," ही त्यांची एकुलती एक बढाई.

मी लाखनीला शिक्षिका. लॅपटॉप स्कूटीवर पायाशी ठेवून खड्ड्यांतून जाते. त्याची हार्ड डिस्क टकटक करू लागली, तेव्हा भाऊजींनी कान लावून निदान केलं, "आत चकती फिरून राहिली अन् तू तिले खड्ड्यातून नेऊन राहिली. कशी टिकन? एसएसडी लाव. तिच्यात फिरणारं काहीच नाही." दुकानाचं नाव काढलं तर रुसले. शेवटी शाळेतल्या मास्तरांकडून जुनं सगळं नव्या एसएसडीवर उतरवून घेतलं आणि रविवारी सकाळी, अर्थातच पट्टीला हात लावून, त्यांच्यासमोर बसले.

जुनी डिस्क झकास निघाली. नवी जागेवर बसली. स्क्रू मात्र पेचकसाच्या टोकावरून घरंगळला. भाऊजींनी उचलला, तो पुन्हा घरंगळला. तेव्हा मला दिसलं की त्यांचा हात थरथरतोय. स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. ताईला हे आधीच ठाऊक असावं. स्क्रू उचलून द्यावा की नाही, मला कळेना.

भाऊजी उठले, दाराशी गेले आणि पट्टीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. परत येऊन त्यांनी पेचकस माझ्या हातात दिला.

"तूच लाव बाई. तुह्या हातून नाही पडणार."

मी स्क्रू लावला. लॅपटॉप सुरू झाला, पण आवाज नाही. भाऊजींनी कान टेकवला.

"चालू हाय ना?"

"आहे, भाऊजी."

तो लॅपटॉप आजही लाखनीपर्यंतचे सगळे खड्डे मुकाट्याने पचवतो. परवा मी ताईकडे गेले, तेव्हा भाऊजी बाहेरून येत होते. दाराशी आले, पण हात काही पट्टीवर नीट टेकेना. ताई आतून आली. तिने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला आणि तो सवतीवर दाबून धरला. तेवढा वेळ तो हात थरथरला नाही.