कोळशाच्या गाडीची पिशवी

आता ट्रकवाले डिझेलमध्ये रॉकेल मिसळलं, पाणी निघालं म्हणून पंपावर भांडतात. नातवाच्या ट्रकचं फिल्टर एका महिन्यात दोनदा बदलावं लागलं तेव्हा तो घरभर ओरडत फिरला. मी म्हटलं, तुला भांडायला तेल तरी आहे. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वर्षांत आमच्याकडे तेलच नव्हतं. पेट्रोल परवान्यावर मिळायचं, तेही गाडी सुरू करण्यापुरतं, आणि लॉऱ्या लाकडाच्या कोळशावर चालायच्या. हे सांगितलं की लोकांना मी चेष्टा करते असं वाटतं. चेष्टा नाही. माझे बाबा कोळशावरची लॉरी चालवत आणि तो कोळसा मी निवडायची.

आम्ही गोरेगावात राहायचो. लॉरी गोंदियाच्या एका लाकूडवाल्या सेठची होती. कोहमाऱ्याकडच्या जंगलातून लाकूड भरायचं आणि गोंदिया टेसनवर उतरवायचं, हे बाबांचं काम. सेठनं क्लीनर दिला नव्हता, त्यामुळे गाडीची साफसफाई आमच्या घरावर पडली. मायला लोकांच्या धानाच्या बांधीतून सवड नसे. मी चौथी पास होऊन घरी बसले होते. तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची असेन.

लॉरीच्या बाजूला लोखंडी टाकी बसवली होती. वरून कोळसा भरायचा, खाली विस्तव लावायचा आणि हातानं पंखा फिरवायचा. बऱ्याच वेळानं नळीच्या तोंडाशी निळी ज्योत धरली की गॅस तयार झाला असं समजायचं. मग इंजिन थोड्या पेट्रोलवर सुरू करायचं आणि लगेच गॅसवर टाकायचं. टाकीतून निघालेल्या गॅसमध्ये राख आणि कोळशाची भुकटी असते. ती तशीच इंजिनात गेली तर आतलं लोखंड खरवडून काढते. म्हणून वाटेत एक डबा होता. त्यात आधी नारळाचा काथ्या भरलेला असे आणि शेवटी मांजरपाटाची लांब पिशवी. गॅस त्या पिशवीतून गाळून इंजिनात जायचा.

टाकी बसवायला नागपूरहून मिस्त्री आला होता. तो जाताना सेठसमोर बाबांना सांगून गेला, "कोळसा कोणीही निवडो. पिशवीला मात्र तुझ्याशिवाय कोणाचा हात लागता कामा नये." सेठनंही मान हलवली. पुढे, मी कोळसा निवडायला लागण्याआधी, त्यांचं हे जुनं इंजिन एकदा खराब कोळशानं बिघडलं. सेठ तेव्हा बाबांना म्हणाले होते, "अब की बार इंजिन बैठा, तो तू भी घर बैठ." बाबांना दुसरं काही येत नव्हतं. आमची जमीन नव्हती. ती लॉरीची सीट गेली असती तर बाबा दुसऱ्याच्या बांधीत चिखल तुडवायला गेले असते, आणि ते त्यांना मरणासारखं वाटायचं.

कोळसा नागझिऱ्याच्या बाजूनं यायचा. भट्ट्या लावणाऱ्या घरची एक बाई टोपल्यांतून आणून टाकायची. गोंडी बोलायची आणि मराठी कामापुरती. मी अंगणात ढीग पसरून बसायची. चांगला कोळसा दगडावर टाकला की खणखणतो. कच्चा राहिलेला आवाज करत नाही, मोडला तर आत तपकिरी दिसतो आणि त्याला धुराचा वास येतो. तो टाकीत गेला की डांबर सुटतं आणि इंजिनाच्या झडपा चिकटतात. ओला तुकडा उन्हात टाकायचा. साल काढून फेकायची. माती लागलेली असेल तर झाडूनं घासायची, धुवायचं नाही. लिंबापेक्षा मोठा असेल तर फोडायचा, आवळ्यापेक्षा लहान असेल तर चुलीला. असं एकेक करून मी पोती भरायची. हात, नाक, दात, सगळं काळं व्हायचं. शेजारची बाई म्हणायची, "तुयं लगन कोन करन वो, कोळसाबाई?" मी म्हणायची, "लोहार."

पिशवी मात्र बाबाच झटकत आणि आठवड्यातून एकदा धूत. मला हात लावू देत नसत.

त्या हिवाळ्यात टाकीचं खालचं दार उघडताना बाबांचा उजवा हात भाजला. पंजाला फडकं गुंडाळलेलं होतं आणि पिशवी धुवायचा दिवस होता. माय धानाच्या मळणीला गेली होती. बाबांनी डब्यातून पिशवी काढली, माझ्यापुढे टाकली आणि म्हणाले, "धुऊन टाक. सकाळी गाडी काढाची आहे."

मी ती पिशवी विहिरीवर नेऊन इतकी धुतली की पाणी नितळ निघायला लागलं. घरी आले तर चुलीजवळ भाताची पेज ठेवलेली होती. आमच्याकडे धोतर, लुगडं, टोपी, काहीही धुतलं की पेजेची खळ घालायची. खळ घातली नाही तर कपडा नीट धुतलाच नाही असं मायला वाटायचं. मी पिशवी पेजेत बुडवली, पिळली आणि दोरीवर ताणून वाळवली. संध्याकाळी ती कागदासारखी कडक झाली होती. मला बरं वाटलं.

सकाळी बाबांच्या हाताला फडकं होतं म्हणून पिशवी डब्यात मीच बसवली आणि गाठ मीच मारली. बाबांनी नुसती गाठ पाहिली. पंखा फिरवायलाही माणूस हवं होतं म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं. कोहमाऱ्याला जाताना लॉरी रिकामी होती. रस्ता मुरमाचा, धूळ भरपूर, पण गाडी धावली. बाबा एकदा म्हणाले, "आज जराशी दमून राहिली." बस एवढंच.

लाकूड भरून निघालो. पाच-सहा हमाल ओंडक्यांवर बसले होते. जंगलातल्या पहिल्याच चढावर गाडी खोकायला लागली, मग थांबली. बाबांनी पुन्हा सुरू केली. हातभर सरकली आणि बंद पडली. वरून हमालांना मजा वाटली.

"डायवरभाऊ, बैल आनू का?"

"बैल कायले? कोळसा खाऊन घसा सुकला तिचा. पानी पाजा!"

"तुले उतरून ढकलाले सांगन म्हणून बोंबलून राहिला का?"

बाबा खाली उतरले. त्यांनी टाकी पाहिली. विस्तव चांगला होता. मग डबा उघडला आणि डाव्या हातानं पिशवी बाहेर ओढली. ती चामड्यासारखी झाली होती. गॅसमधल्या ओलीनं खळ भिजली होती आणि तिच्यावर कोळशाची भुकटी बसून लगदा झाला होता. त्यातून वारासुद्धा गेला नसता. बाबांनी बोटानं खरवडून वास घेतला.

"यात काय घातलंस?"

"खळ."

"कायले?"

"कपड्याले घालतात ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हमालांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "हे कपडा नोहे, बाई. गाडीचं नाक आहे हे."

जवळ पाणी नव्हतं. असतं तरी ओली पिशवी लावता आली नसती, आणि दुसरी पिशवी नव्हती. गोंदियाला लाकडासाठी वॅगन लागलेली होती, ती संध्याकाळी जाणार होती. बाबा टाकीजवळ उभे राहिले. अर्धं लाकूड उतरवलं असतं तरी गाडी चढली नसती. बिनपिशवीची गाडी चालवली तर भुकटी सरळ इंजिनात जाणार हे त्यांना माहीत होतं, आणि वॅगन चुकली तर सेठ काय म्हणणार हेही माहीत होतं. त्यांनी पिशवी सीटखाली कोंबली, डबा रिकामाच बंद केला आणि मला म्हणाले, "पंखा फिरव."

गाडी चढ चढली. मोकळ्या नाकानं ती इतकी जोरात ओढायला लागली की वरचे हमाल गाणं म्हणू लागले. बाबा मात्र एकदाही हसले नाहीत. गोंदियापर्यंत ते मान वाकडी करून इंजिनाचा आवाज ऐकत होते. वॅगन मिळाली.

घरी आल्यावर पिशवी गरम पाण्यात उकळून खळ काढली, वाळवली, पुन्हा बसवली. मायला बाबांनी काही सांगितलं नाही. मीही नाही. पण इंजिन आधीच म्हातारं होतं. चार-पाच दिवसांत मागून निळा धूर यायला लागला. मग सपाटीवरही गाडी दमायला लागली. इंजिनातलं तेल काढलं तर काळं, आणि दोन बोटांत चोळलं तर करकर लागायचं. आठव्या-दहाव्या दिवशी लॉरी आमच्या अंगणासमोर उभी राहिली ती हललीच नाही.

सेठ गोंदियाहून मिस्त्री घेऊन आले. बाजाराचा दिवस होता, येणारे-जाणारे थांबून बघत होते. मिस्त्रीनं इंजिन उघडलं, आत बोट फिरवलं आणि म्हणाला, "सेठजी, ये तो पूरा घिस गया. धूल खायी है इसने."

"धूल आयी कहाँ से?"

बाबा म्हणाले, "कोयले में मिट्टी थी, सेठजी. जंगलवाले आजकल भट्टी पे मिट्टी जादा डालते हैं."

सेठनं ते लगेच मानलं. कोळशानं एकदा इंजिन गेलंच होतं. ते म्हणाले, "तो उनका कोयला आज से बंद. दूसरा देखेंगे. तू फिकर मत कर, इंजिन बंधवा लेंगे."

म्हणजे बाबांची सीट वाचली होती. मी कोळशाच्या ढिगाजवळ उभी होते. मला तेव्हा गप्प राहता आलं असतं. त्या कोळसेवाल्या बाईवर अन्याय होतो म्हणून मी बोलले असं कोणाला वाटेल. तसं नव्हतं. त्या बाईचा विचार माझ्या मनात आलाही नाही. मी निवडलेल्या कोळशात माती होती असं चारचौघांत म्हटलं, ते मला सहन झालं नाही.

"माती नोहती," मी म्हणाले. "मी एकेक तुकडा पाहून टाकतो. पिशवीले मी खळ घातली होती. गाडी चढली नाही म्हणून बाबानं पिशवी काढली."

मिस्त्रीनं बोट पुसलं. सेठनं मला विचारलं, "बैग तूने धोया?"

"हव."

सेठ बाबांकडे वळले. ते ओरडले नाहीत. "मेरे सामने बोला था न नागपूरवाले मिस्त्री ने? बैग को दूसरा हाथ नहीं लगेगा. और ऊपर से झूठ बोलता है. धूल तो मैं माफ कर देता." मग हात पुढे केला. बाबांनी कमरेची किल्ली काढून दिली.

सेठ गेल्यावर बाबा ढिगाजवळ येऊन बसले. मला वाटलं मारतील. त्यांनी विचारलं, "कोळसा साफ होता?"

"होता."

"मंग झालं."

मायला कळलं तेव्हा तिनं मला मारलं. तिचं बरोबर होतं. तिला वर्षभर लोकांच्या बांध्यांत जास्तीचं राबावं लागलं आणि बाबाही तिच्यासोबत गेले. लोक म्हणतात, पोरगी खरं बोलली. मला त्याचं काही वाटत नाही. खरं बोलायला मला काही लागलं नव्हतं, लागलं ते त्यांना.

नवा ड्रायव्हर आला. इंजिन नव्यानं बांधून झालं होतं, पण त्याला कोळशाची गाडी माहीत नव्हती. बाबा तीन दिवस त्याच्यासोबत गेले. सेठनं बोलावलं नव्हतं. विस्तव कसा लावायचा, ज्योत कशी पाहायची, पिशवी रोज कशी झटकायची, सगळं दाखवलं. मायनं विचारलं, "तुमाले कोनी सांगतलं?" बाबा म्हणाले, "गाडीचा काय दोष?"

आठ दिवसांनी सेठचा माणूस कोळशाची पोती घेऊन आमच्या दारी आला. त्या जंगलवाल्या बाईचाच कोळसा होता. सेठनं निरोप दिला होता की डायवर बदलला तरी कोळसा तीच पोरगी निवडेल. मायनं मला विचारलंसुद्धा नाही, पोती उतरवून घेतली.

लढाई संपून पेट्रोल पुन्हा मिळू लागेपर्यंत मी त्या लॉरीचा कोळसा निवडला. बाबा बांधीतून येताना पाय चिखलाचे असत. ढिगाजवळ थांबत, एखादा तुकडा उचलत, मोडून आतला रंग पाहत आणि ढिगावर परत ठेवत. मग पाय धुवायला विहिरीकडे जात.