तुरीत घुसलेली गाडी

"डाक्टर, गाय अडलीय. लवकर या," एवढंच मावशी फोनवर बोलल्या. ईट गावाच्या पलीकडं त्यांचं शेत आणि दुधाचं जनावर ते एकच. सकाळपासून कळा देत होती, वासरू बाहेर येत नव्हतं.

मी पशुवैद्यक. आमच्या घरातला पहिला पदवीधर. थोरल्या भावानं शाळा सोडून ट्रॅक्टर धरला म्हणून मी शिकू शकलो, हे मी कधी विसरत नाही. पण शिकल्यावर मला एक खोड लागली: जे आपल्याला येतं ते समोरच्याला समजावल्याशिवाय राहवत नाही. त्यात मी नुकतीच एक जुनी फोर बाय फोर गाडी घेतलेली. तिचं कौतुक ऐकायला नवं माणूस सापडत नव्हतं.

मावशी डांबरी रस्त्यावर वाट बघत उभ्या होत्या. त्यांना शेजारी बसवून मी काळ्या रानातल्या वाटेवर गाडी घातली. पावसाची झड नुकतीच उघडलेली. अर्ध्या वाटेत चाकं गरगरली. मी एक्सलेटर दाबला, तर इंजिन उलट मंदावलं.

"आता तुमची बी अडली का?" मावशी म्हणाल्या.

"अडली नाही. हे ट्रॅक्शन कंट्रोल आहे. चाक घसरलं की गाडी आपणहून इंजिनचा जोर कमी करते. रस्त्यावर ते चांगलं, चिखलात मात्र बंद करावं लागतं."

"मग करा की!"

मी ते बटण बंद केलं, लो गिअर टाकला आणि डिफरन्शियल लॉकचं बटण दाबलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला!

"मावशी, मागचं एक चाक चिखलात नुसतं फिरत होतं, म्हणून दुसऱ्याला जोरच मिळत नव्हता. आता लॉक लावल्यावर दोन्ही बरोबरीनं फिरणार."

"म्हंजी एक नाचत होतं अन् दुसरं बघत बसलं होतं. आमच्या घरावानीच. चला आता, गाडी समजावू नका, चालवा."

गाडी हळूहळू पण न थांबता चिखलातून बाहेर आली. मी शाबासकीसाठी मावशींकडं बघितलं. त्या गोठ्याकडं बघत होत्या.

गोठ्याकडं जायला डावीकडं वळायचं होतं. मी स्टेअरिंग फिरवलं. गाडी सरळच.

"अवो, वळवा की!"

"वळवतोय!"

"मग तुरीला सांगा बाजूला व्हायला!"

भावाच्या ट्रॅक्टरचं लॉक टाचेखाली असतं. पाय उचलला की सुटतं. मी तिथंच शिकलेलो, त्यामुळं माझ्या हिशेबी लॉक कधीच सुटलं होतं. माझा पाय तर मोकळाच होता! या गाडीचं लॉक मात्र बटण पुन्हा दाबेपर्यंत लागलेलंच राहतं. मागची दोन्ही चाकं मिळून गाडीला पुढं रेटत होती आणि ओल्या मातीत पुढच्या चाकांचं कुणी ऐकत नव्हतं. लॉक आठवेपर्यंत आम्ही मावशींच्या तुरीत होतो.

गाडी तिथंच सोडली. बॅग घेऊन धावलो, एकदा आपटलो, पुन्हा धावलो. गोठ्यात पोचलो तेव्हा गाय माझ्यापेक्षा स्वच्छ होती. मावशींनी आधी बादलीभर पाणी माझ्या हातांवर ओतलं.

हात घातला. वासराचं डोकं वाटेवर आलेलं, पण पुढचा एक पाय मागं दुमडलेला. डोकं आत ढकललं, खूर तळहातात झाकून पाय सरळ केला आणि कळेबरोबर ओढत राहिलो. वासरू बाहेर आलं ते निपचित. नाकातोंडातला चिकटा काढला, छाती चोळली. हालचाल नाही. शेवटी कडब्याची काडी नाकपुडीत फिरवली.

वासरू थेट माझ्या तोंडावर शिंकलं.

"कालवड हाय का गोऱ्हा?" मावशींनी विचारलं.

"बघितलंच न्हाय, मावशी."

"एवढी शाळा शिकून!" म्हणत त्यांनी वाकून स्वतःच बघितलं. "कालवड हाय." मग तिला दोन्ही हातांनी ओढत गाईच्या तोंडाशी नेलं, आणि गाय चाटू लागली.